कुणाच्या वतीने

माझी बायको लोरीन हिचा धाकटा भाऊ ओडेल लहानपणापासून टेकडीवर राहायचा. आमच्या डोंगरी भागात 'टेकडीवर' म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नाही. ज्या मुलांची समज वयाबरोबर वाढत नाही त्यांच्यासाठी राज्य सरकारने फार पूर्वी तिथे लाल विटांच्या इमारती बांधल्या. मुलं तिथे जायची आणि तिथेच म्हातारी व्हायची. ओडेलला तिथे ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलं आणि लोरीनच्या आईबापांनी ऐकलं. त्या काळी डॉक्टरांना कोणी उलट विचारत नसे.

दर रविवारी आम्ही चर्चमधून परस्पर त्याला भेटायला जायचो. ओडेलला मोजकेच शब्द येतात. लोरीनला तो 'रीन' म्हणतो आणि मला 'बस' म्हणतो, कारण मी शाळेच्या बस दुरुस्त करायचो आणि एकदा दुरुस्त झालेली बस चालवून बघायची म्हणून तीच घेऊन टेकडीवर गेलो होतो. रविवारी त्याचे केस विंचरलेले असायचे, शर्टाला इस्त्री असायची. लोरीनने केलेलं केळ्याचं पुडिंग तो डबा चाटूनपुसून खायचा आणि मग आम्ही तिघं हिरवळीवर फेरी मारायचो. सगळं बरं चाललंय असंच आम्हाला वाटत होतं.

एका गुरुवारी टेकडीपलीकडच्या गावात लोरीनच्या मावशीला माती द्यायला आम्ही गेलो होतो. परतताना लोरीन म्हणाली, "डेलमर, एवढे आलोच आहोत तर ओडेलला बघून जाऊ."

गुरुवारी तिथे कोणी येत नाही. दारावरच्या माणसाने आम्हाला थांबायला सांगितलं, पण लोरीन थांबली नाही. आत मोठ्या खोलीत टीव्ही चालू होता आणि भिंतीला लावून खुर्च्यांची ओळ होती. खुर्च्यांवर माणसं बसलेली होती आणि प्रत्येकाच्या पोटाभोवती पलंगावरची चादर पिळून मागे गाठ मारलेली होती. काहींचे हातही बांधलेले. ओडेल खिडकीपाशी होता. लोरीनला बघून तो हसला, "रीन," म्हणाला आणि हात वर करायला गेला. हात वर आला नाही. मनगटावरची कातडी सोलवटून लाल झाली होती.

लोरीन गुडघ्यावर बसून गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना, शेवटी मी सोडली. तेवढ्यात एक जाडजूड बाई धावत आली, अंगात तिथल्या कामवालीचा निळा झगा.

"ओ बाई, त्याला सोडू नका!"

"कोणी बांधलं याला? तू?"

"मी. मीच बांधते रोज," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता. "आज एवढ्या माणसांमागे मी एकटी आहे. तिकडे एकाला फिट आलीये, त्याच्यापाशी बसू की हे कुठे पडतायत ते बघू? तुम्हीच सांगा मला, मी काय करू?"

लोरीनने ओडेलची मनगटं आपल्या ओंजळीत घेतली.

दुसऱ्या दिवशी लोरीनने राज्याच्या राजधानीतल्या एका वकीलबाईला फोन लावला. टेरेस ओब्रिकी तिचं नाव. अपंगांचे खटले लढणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची. पुढच्याच आठवड्यात ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. पोरगेलीच होती, बोलायची भरभर. लोरीनने तिला बीन्स आणि मक्याचा ब्रेड वाढला. जेवता जेवता ती म्हणाली, "ओडेलच्या एकट्याच्या नावाने दावा लावला तर काय होईल, सांगू? ते ओडेलला चांगल्या खोलीत हलवतील. कोर्टात सांगतील, आता याची तक्रार उरलीच नाही. खटला खलास. आणि बाकीचे तसेच बांधलेले राहतील."

"मग?"

"मग सगळ्यांच्या वतीने लावायचा. सामूहिक दावा. ओडेल पुढे, मागे टेकडीवरचे सगळे. ओडेलला कोर्टात बोलता येणार नाही, म्हणून त्याची पालक म्हणून तुम्ही बोलायचं. पण असा दावा आपण लावला म्हणून लागत नाही. जज्जसाहेबांनी आधी त्याला मान्यता द्यावी लागते."

"ती कशावर देतात?" मी विचारलं.

"माणसं इतकी हवीत की एकेकाने कोर्टात येणं शक्य नाही. ती आहेत, त्यावर कोणी वाद घालणार नाही. मग प्रश्न सगळ्यांचा सारखा हवा. जो पुढे उभा आहे त्याचं दुखणं मागच्यांसारखंच हवं, वेगळंच काहीतरी नको. आणि..." तिने ब्रेडचा तुकडा मोडला. "आणि पुढच्याने मागच्यांचं हित नीट सांभाळलं पाहिजे. आपल्याच फायद्यासाठी त्यांना विकता कामा नये."

"मी कशाला कोणाला विकेन?" लोरीन म्हणाली.

"म्हणून तर तुमच्याकडे आलेय," टेरेस हसून म्हणाली.

दाव्यात टेरेसने दोन गोष्टी मागितल्या. बांधणं बंद करा, पुरेशी माणसं नेमा, ही पहिली. टेकडी कायमची बंद करा आणि तिथल्या लोकांना गावागावांत लहान घरांमध्ये ठेवा, ही दुसरी. लोरीनला ही दुसरी मागणीच जास्त आवडली. तिने लगेच आमच्या मागच्या खोलीला रंग द्यायला घेतला. ओडेल गावात राहायला आला की शनिवार-रविवार तिथे झोपेल, असं तिच्या मनात होतं.

बातमी पेपरात आली आणि चार दिवसांनी आमच्या दारात एक पिकअप येऊन थांबली. भाच्याचा हात धरून एक वाळकी, ताठ म्हातारी उतरली. आयव्हली प्रेटर. टेकडीवर तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता. तिचा मुलगा ड्युई ओडेलच्याही आधीपासून तिथे होता.

"तू लोरीन ना? स्टिल्टनरांची पोरगी?"

"हो. या ना आयव्हलीबाई, बसा."

"बसायला नाही आले. भांडायला आलेय."

"मग बसून भांडा. उभ्याने गुडघे दुखतील."

म्हातारी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली. "पेपरात लिहिलंय, टेकडीवरच्या सगळ्यांच्या वतीने दावा. सगळ्यांमध्ये माझा ड्युई येतो का?"

"येतो."

"मला विचारलंस? त्याचं तोंड मी आहे. तू त्याच्या वतीने बोलणार हे कुणी ठरवलं?"

"आयव्हलीबाई, तिथे माणसांना..."

"थांब, माझं होऊ दे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ड्युईला शहरात अशाच एका लहान घरात ठेवून बघितलं होतं. चांगलं घर होतं, नाही म्हणत नाही मी. पडदे काय, गालिचे काय! तिसऱ्या आठवड्यात पोरगा अनवाणी बर्फात बाहेर पडला. टेकडी शोधत होता. कालव्यात सापडला, पायाची दोन बोटं काढावी लागली. माझ्या पोराला तेवढं एकच घर माहीत आहे, लोरीन. सकाळी घंटा वाजली की उठतो, ओकच्या झाडाखाली त्याचा बाक आहे, त्यावर बसतो. तो बाक तू मोडायला निघालीस."

लोरीनचं तोंड लाल झालं. मला वाटलं आता ही गप्प बसेल, पण नाही. "बाक? त्या गुरुवारी तुमचा ड्युई बाकावर नव्हता. खुर्चीला बांधलेला होता. ओडेलच्या शेजारची तिसरी खुर्ची. मी डोळ्यांनी बघितलं."

म्हातारीचा चेहरा मी विसरणार नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने भाच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मी रविवारी जाते," ती म्हणाली.

"आम्हीही रविवारीच जायचो."

मग आयव्हलीबाई भाच्याला म्हणाल्या, "ऊठ, गाडी काढ." जाताना पायरीवर थांबल्या. "मग गाठी सोडा म्हणावं. गाठी सोडायला घर कशाला पाडायला लागतं?"

त्या दिवशी लोरीनने मागच्या खोलीचं काम तसंच टाकलं. अर्धी भिंत पिवळी, अर्धी जुनी. मी म्हटलं, "मी रंगवू का?" ती म्हणाली, "राहू दे आता."

मान्यतेची सुनावणी शरद ऋतूत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात लागली. जज्ज हॅव्हर्टी म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते, कानात ऐकायचं यंत्र, सारखं ते चाचपायचे. आम्ही मागच्या बाकांवर होतो. पलीकडच्या बाजूला आयव्हलीबाई चर्चला जायचे ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या.

सरकारचा वकील कल्ब्रेथ गोड बोलणारा माणूस होता. तो आधी म्हणाला, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे, एकाला फिट येतात, एक स्वतःला ओरबाडतो, एक पळून जातो, प्रत्येकाला बांधण्याचं कारण निराळं, मग हा एकच दावा कसा? टेरेस उठली आणि म्हणाली की कारणं निराळी असतील, पण चादर एकच आहे, कारण सांभाळायला माणूस नाही. जज्जसाहेबांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकलो.

मग कल्ब्रेथने लोरीनला साक्षीला बोलावलं. टेरेसने तिला बजावून ठेवलं होतं की विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं.

"बाई, टेकडी बंद व्हावी असं तुम्हाला वाटतं?"

"हो."

"मिसेस प्रेटर यांना ओळखता? त्यांच्या मुलाला कुठे राहायचंय, माहीत आहे?"

"टेकडीवरच."

"आणि या दाव्यात तोही आहे, तुमच्या मागे?"

"आहे."

"माझं झालं," असं म्हणून कल्ब्रेथ खाली बसला. पण जज्जसाहेब पुढे झुकले. यंत्र चाचपत म्हणाले, "मला एक विचारायचंय. समजा उद्या सरकार म्हणालं, आम्ही कोणालाही बांधणार नाही, दुप्पट माणसं नेमतो, पण टेकडी राहील. सगळ्यांच्या वतीने तुम्ही हे मान्य कराल का?"

टेरेसचा हात हवेत अर्धा वर आला आणि तसाच थांबला. मला माझ्या बायकोचा स्वभाव ठाऊक आहे. 'मी सगळ्यांचा विचार करेन' एवढंच तिने म्हटलं असतं तरी सुटता आलं असतं.

"साहेब, ओडेलसाठी मी नाही म्हणेन," ती म्हणाली. "त्याला तिथून बाहेर काढायचंय मला. पण ड्युईसाठी मला हो म्हणावं लागेल. आयव्हलीबाई माझ्या दारात आल्यापासून मी विचार करतेय. दोघांसाठी एकच उत्तर मला सापडत नाही. शपथ घेतलीय म्हणून सांगते."

कल्ब्रेथने कागद आवरायला घेतले. जज्जसाहेबांनी जेवणाची सुट्टी केली.

बाहेर येताच टेरेसने लोरीनला कोपऱ्यात घेतलं. "काय केलंत हे? त्यांना हेच हवं होतं! तुम्ही इतरांचं हित सांभाळू शकत नाही असं तुम्हीच सांगितलंत. मान्यता गेली तर सगळे गेले, ओडेलसकट!"

"मग काय खोटं बोलू?"

"खोटं नाही हो! पण थोडं..." भिंतीला टेकून टेरेसने डोळे मिटले. "आता काय ते मलाही कळत नाही."

तेवढ्यात काठीचा आवाज आला. आयव्हलीबाई आमच्याच दिशेने येत होत्या.

"ए पोरी," त्या टेरेसला म्हणाल्या, "यात माझं नाव घालता येतं का?"

"तुमचं? तुम्ही तर दाव्याच्या विरोधात आहात."

"निम्म्याच्या. गाठी सोडायच्या यात मी हिच्याबरोबर आहे. ड्युईला बांधलेलं हिने बघितलं, मला कधी दिसू दिलं नाही. पण घर पाडायचं निघालं तर मी हिच्या समोर उभी राहीन, आणि तेव्हा मला माझा वकील हवा, तू नको. तू हिची आहेस."

तिथेच बाकावर बसून टेरेसने वहीत लिहायला घेतलं. जेवायचं कुणाला सुचलं नाही.

सुट्टीनंतर तिने जज्जसाहेबांपुढे नवी मागणी ठेवली. बांधणं आणि माणसांची कमतरता, एवढ्यावर सगळ्यांचा मिळून एक दावा. टेकडी बंद करण्याच्या प्रश्नावर दोन वेगळे गट, एक जाऊ इच्छिणाऱ्यांचा आणि एक राहू इच्छिणाऱ्यांचा. प्रत्येकाचा आपला प्रतिनिधी आणि आपला वकील. कल्ब्रेथने खूप हरकती घेतल्या. जज्जसाहेबांनी त्या दिवशी काहीच सांगितलं नाही.

निकाल नाताळच्या आधी आला. हॅव्हर्टीसाहेबांनी टेरेसची मागणी जवळजवळ तशीच मान्य केली होती. लोरीनबद्दल त्यांनी लिहिलं होतं की आपण नेमकं कोणाकोणासाठी बोलू शकत नाही हे जी व्यक्ती शपथेवर सांगते, तिच्या हाती उरलेल्यांचं हित सोपवायला या कोर्टाला संकोच वाटत नाही. टेरेसने फोनवर ते वाचून दाखवलं. लोरीन म्हणाली, "चांगलं लिहिलंय," आणि फोन ठेवून भांडी घासायला लागली. नंतर बघितलं तर तीच बशी ती पुन्हा पुन्हा घासत होती.

बांधणं बंद झालं. कोर्टाचा माणूस कधीही, कुठल्याही वारी येऊन बघून जायला लागला. निळ्या झग्यातल्या बाया वाढल्या. आम्हीही रविवार सोडून वाटेल त्या दिवशी जायला लागलो. पुष्कळदा आयव्हलीबाईही तिथेच भेटायच्या. ड्युई ओकखालच्या बाकावर बसलेला असायचा आणि लोरीन त्यालाही पुडिंग द्यायची.

दुसरा भाग मात्र वर्षानुवर्षं रखडला. शेवटी तडजोड झाली. ज्यांच्या पालकांना हवं त्यांना गावात घर आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी टेकडीवरची एक इमारत चालू. ओडेलला आमच्यापासून जवळच एका घरात ठेवलं, आणखी तिघांबरोबर. पहिले काही आठवडे तो जेवेना. खिडकीशी उभा राहून 'टेकडी' एवढंच म्हणायचा. एकदा त्याला भेटून आल्यावर लोरीन गाडीतून उतरेचना. "डेलमर, आयव्हलीबाईंचंच बरोबर होतं की काय?" मी तिचा हात धरून बसलो. वसंतात तो बदलला. शेजारच्या घरातल्या कुत्र्याशी त्याची गट्टी जमली, मग जेवणही सुधारलं. आज तो आनंदात आहे असं मी म्हणेन. पण ते त्याच्या तोंडून कळायची सोय नाही.

आयव्हलीबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनी लोरीनला बोलावून घेतलं. मी दाराशी उभा होतो.

"माझ्यामागे ड्युईची पालक तू हो," त्या म्हणाल्या.

"मी? आयव्हलीबाई, तुमचा भाचा आहे की."

"भाचा चांगला आहे, पण त्याला कोणीही गुंडाळेल. उद्या सरकार म्हणेल चला शहरात, हा म्हणेल चला." त्या धाप लागून थांबल्या. "तुला माहीत आहे मला काय हवंय. तुला ते पटत नाही, हेही मला माहीत आहे. पण तू ते बदलून सांगणार नाहीस."

लोरीनने हो म्हटलं. दफनाच्या दिवशी ड्युईला तिनेच हात धरून नेलं.

दोन वर्षांनी सरकारने ती शेवटची इमारतही बंद करायचा अर्ज कोर्टात दिला. हॅव्हर्टीसाहेब निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी एक तरुण जज्जबाई आल्या होत्या. राहणाऱ्यांच्या गटाची प्रतिनिधी म्हणून लोरीन उभी राहिली. मी मागे बसून ऐकत होतो. ड्युई बर्फात कसा निघाला, त्याची बोटं कशी गेली, घंटेला कसा उठतो, सगळं तिने सांगितलं. सरकारच्या नव्या वकिलाने विचारलं, "बाई, तुमचा सख्खा भाऊ तर गावात राहतो ना? मजेत आहे ना?"

"आहे," लोरीन म्हणाली. "पण आज मी त्याच्यासाठी आलेली नाही."

जज्जबाईंनी अर्ज फेटाळला. जोवर राहू इच्छिणाऱ्यांपैकी कोणी तिथे आहे तोवर इमारत चालू ठेवावी, असं त्यांनी लिहिलं.

परतताना घाटात मी तिला विचारलं, "मनापासून बोललीस ते?"

"तिथे उभी होते तेव्हा हो," ती म्हणाली. "आता विचारशील तर अजूनही वाटतं, ड्युईला पुन्हा एकदा हळूहळू बाहेर आणून बघायला हवं होतं. पण ते माझं वाटणं झालं."

मग ती म्हणाली, वाटेत थांबून कॉफी घेऊ, आणि आम्ही थांबलो.